यंत्र गप्प का होतं?

संपादक मंडळातल्या ताईंनी "मराठी विभागासाठी काहीतरी दे" असं सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात माझा आजही गोंधळ होतो, आणि मेसच्या काकांनी "अठ्ठेचाळीस रुपये झाले" म्हटलं की मी गुपचूप पन्नासची नोट पुढे करते. कविता मला येत नाही. प्रवासवर्णन लिहावं तर माझा रोजचा प्रवास हॉस्टेल ते मेस एवढाच. म्हणून मी आमच्या प्रोजेक्टविषयी लिहायचं ठरवलं. घाबरू नका, सर्किट डायग्राम नाही! ऱ्हस्व-दीर्घ ताईंनी तपासलं आहे, त्यामुळे चूक सापडली तर ती त्यांची. गोष्टीत ज्या चुका आहेत त्या मात्र माझ्याच.

तर झालं असं. सेकंड इयरला टेक्निकल एक्झिबिशनसाठी आम्ही चौघींनी वर्गणी काढून एक साधा मेटल डिटेक्टर मागवला. एका दांडीला खाली ताटलीएवढी कॉइल, वर एक डबा आणि डब्यावर तीन नॉब. पहिला सेन्सिटिव्हिटी, दुसरा डिस्क्रिमिनेशन, तिसरा ग्राउंड बॅलन्स. पहिले दोन आम्हाला लगेच समजले. तिसरा कशासाठी असतो ते मॅन्युअलमध्ये दिलं होतं, पण मॅन्युअल वाचलं तर आपण इंजिनियरिंगचे विद्यार्थी कसले! लॅबच्या टेबलावर नाणं ठेवलं, कॉइल फिरवली, टुंईं असा आवाज आला, टाळ्या झाल्या. एक्झिबिशनमध्ये आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आपल्याला हे यंत्र येतं असं मला वाटायला लागलं. इथेच घोळ झाला.

माझं आजोळ हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आपल्या कॉलेजमधल्या बऱ्याच जणांना नकाशात दाखवता येत नाही. "हिंगोली म्हणजे विदर्भात ना?" असं मला फर्स्ट इयरला तीनदा विचारलं गेलं. तर तो मराठवाड्यात आहे, तिथे औंढा नागनाथचं देऊळ आहे आणि तिथे हळद पिकते. भरपूर पिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या भागात कुठेही जा, हळद शिजवल्याचा वास येतो आणि शिवारभर माणसांचे हात पिवळे असतात.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मामाच्या शेतात हळद काढणं चालू होतं. ट्रॅक्टरने बेड उकरायचे आणि मागून बायकांनी हळद वेचायची. वेचायला मामी स्वतः होत्या आणि गावातल्या सात-आठ बायका. संध्याकाळी घरी आल्यावर मामींच्या लक्षात आलं की मंगळसूत्राची तार सुटली आहे. मणी पोलक्यात अडकलेले होते, एक वाटी पदराच्या चुणीत सापडली. दुसरी नाही. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची मानतात. आजीच्या मते हरवली ती माहेरची. मामींचे वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. सोन्याचा भाव काय आहे ते आपण सगळे जाणतो, पण मामी रडत होत्या ते भावासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी शेत पालथं घातलं. वाटी मिळाली नाही. मग जे घरोघर होतं तेच आमच्याकडेही झालं. कुणी उघड काही बोललं नाही, पण मामींच्या शेजारच्या ओळीत कोण होतं, याची आठवण निघायला लागली. शेजारच्या ओळीत होत्या त्या मावशी. मी त्यांना लहानपणापासून मावशीच म्हणते, नाव इथे लिहीत नाही. बारा-तेरा वर्षं त्या आमच्या शेतात कामाला येत होत्या. मी पाचवीत असताना मला विंचू चावला तेव्हा पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत पळाल्या होत्या त्या याच.

होळीच्या सुट्टीत मी आजोळी निघाले तेव्हा मामांचा फोन आला. "ते तुमचं कॉलेजचं यंत्र घेऊन ये गं. एकदा फिरवून बघू."

मला काय आनंद झाला! आपलं शिक्षण कुणाच्या तरी उपयोगी पडणार! डिटेक्टर गोणपाटात गुंडाळून एसटीच्या रॅकवर ठेवला आणि वसमतला उतरले.

शेतावर निम्मं गाव जमलं होतं. वाटीचं कुणाला फारसं पडलेलं नव्हतं. "धन दाखवतंय का हे?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "किती खोलचं दाखवतंय?" आमच्या गावात एक पडकी गढी आहे आणि प्रत्येक गढीखाली मोहरांचा हंडा असतोच, यावर मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात दुमत नसतं. एका काकांनी तर बाजूला घेऊन अर्धा वाटा कबूल केला. मी त्यांना १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगितला. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. "दहा रुपये?" काका म्हणाले, "मग राहू दे." आणि निघून गेले.

मी यंत्र चालू केलं आणि कॉइल जमिनीजवळ नेली. टुंईं! सगळे पुढे सरसावले. एक पाऊल पुढे गेले. टुंईं! मागे आले. टुंईं! कॉइल वर उचलली की गप्प, खाली नेली की ओरडतंय. शेतभर सोनं पुरलेलं असावं अशी अवस्था. पोरं हसायला लागली. मामा म्हणाले, "बिघडलं का काय एसटीत?"

मला घाम फुटला. तेव्हा मी जे केलं ते आज लिहितानाही लाज वाटते. मी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली आणि डिस्क्रिमिनेशनचा नॉब उजवीकडे फिरवत गेले. फिरवत फिरवत एका ठिकाणी यंत्र गप्प झालं. वा! मग मी रुबाबात दोन तास शेत फिरले. ट्रॅक्टरचा एक मोठा नट आणि पितळेची एक तोटी सापडली. म्हणजे यंत्र चालू आहे हे सगळ्यांनी पाहिलं. वाटी काही मिळाली नाही.

संध्याकाळी मामांनी पारावर सांगितलं, "यंत्र फिरवलं. शेतात न्हाई."

चारच शब्द. पण त्यांचा अर्थ सगळ्या गावाला कळला. शेतात नाही म्हणजे कुणाच्या तरी घरात आहे. दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी परत हॉस्टेलवर आले.

आता थोडं टेक्निकल. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, पण सोडू नका अशी विनंती.

डिटेक्टरची कॉइल जमिनीत एक बदलतं चुंबकीय क्षेत्र पाठवते. आमच्या यंत्रात सेकंदाला काही हजार वेळा ते उलटसुलट होतं. खाली धातू असला की त्यात भोवरा प्रवाह, म्हणजे एडी करंट तयार होतात आणि ते उलट संदेश पाठवतात. हा संदेश किंचित उशिरा येतो. उशीर किती, म्हणजेच फेज किती, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. लोखंड एका टोकाला, तांब्या-चांदीच्या जाड वस्तू दुसऱ्या टोकाला. डिस्क्रिमिनेशन म्हणजे या रांगेत लोखंडाच्या टोकापासून पुढे "इथपर्यंतचं मला सांगू नकोस" असं यंत्राला बजावणं. पण लोखंडाच्या लगेच पुढे रांगेत कोण उभं असतं? अॅल्युमिनियमची फॉइल, औषधाच्या बाटलीचं सील आणि... पातळ पत्र्याचं सोनं! मंगळसूत्राची पोकळ वाटी नेमकी याच घरात येते. म्हणजे मी आवाज बंद करायला गेले आणि आवाजाबरोबर सोनंही बंद करून टाकलं.

आणि मुळात यंत्र ओरडत का होतं? तर ते बिघडलेलं नव्हतंच. ते खरंच बोलत होतं, पण जमिनीविषयी बोलत होतं. आपलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचं बनलंय. त्या काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात. दगड झिजून आपली काळी माती झाली, पण हे कण तसेच राहिले. विश्वास बसत नसेल तर कोरडी माती कागदावर घ्या आणि कागदाखालून स्पीकरचं मॅग्नेट फिरवा, काळे कण नाचायला लागतील. डिटेक्टरला सगळ्या शेतातून या कणांचा एकच मोठा संदेश येत असतो. टेबलावर जमीन नव्हती, म्हणून तिथे सगळं सोपं होतं. आणि हा जमिनीचा संदेश वजा करण्यासाठीच तो तिसरा नॉब असतो!

हे मला कळलं ते एप्रिलमध्ये, हॉस्टेलच्या मागच्या मैदानावर. का कोण जाणे, मला राहवत नव्हतं. मी माझं कानातलं काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन बोटं मातीखाली ठेवलं, आणि नॉब होळीच्या दिवशी होते तसे लावले. कॉइल फिरवली. यंत्र गप्प. परत फिरवली. गप्प. कानातलं कॉइलला जवळजवळ चिकटवलं तरी गप्प! मी तिथेच मातीत बसले. रूममेटला वाटलं कानातलं हरवलं म्हणून रडतेय.

"यंत्र फिरवलं. शेतात न्हाई." हे वाक्य मामांचं नव्हतंच. ते माझं होतं.

पुढे परीक्षा, सबमिशन, मग इंटर्नशिप. थर्ड इयरला मिनी प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी हट्टाने "वेगवेगळ्या जमिनींवर डिटेक्टरचं सेटिंग" हाच विषय घेतला. मैत्रिणींना वाटलं, नवीन काही करायला नको म्हणून जुनंच काढलं. खरं कारण मी त्यांना तेव्हा सांगितलं नव्हतं, आता इथे वाचतील.

सेमिनारसाठी वाचताना एक गोष्ट सापडली. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे ते कळेना, म्हणून टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी धातू शोधायचं एक यंत्र बनवलं. प्रयोगशाळेत यंत्र चांगलं चालायचं. अध्यक्षांच्या पलंगाजवळ नेलं की भलतेच आवाज. गादीखाली पोलादी तारांचं जाळं होतं! शिवाय डॉक्टरांनी एकाच बाजूला शोधायला सांगितलं होतं, आणि गोळी दुसऱ्या बाजूला निघाली. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष वारले. टेलिफोन शोधणाऱ्या माणसाचीही तीच चूक झाली हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग लक्षात आलं, त्यांच्या यंत्रामुळे कुणी चोर ठरलं नव्हतं.

ग्राउंड बॅलन्स करायची रीत अगदी सोपी आहे. जिथे धातू नाही असा हातभर जमिनीचा तुकडा शोधायचा. डिस्क्रिमिनेशन शून्यावर. बारीकसा सतत आवाज राहील एवढं सेटिंग. मग कॉइल फूटभर उंचीवरून जमिनीच्या दोन बोटं वरपर्यंत खाली-वर, खाली-वर करायची. खाली नेताना आवाज वाढला तर नॉब एका बाजूला, कमी झाला तर दुसऱ्या बाजूला. खाली नेऊनही आवाज बदलला नाही की समजायचं, यंत्राला जमीन ओळखीची झाली. वेळ लागतो दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांचा आळस मला किती महाग पडला ते वर लिहिलंच आहे.

दिवाळीत माझ्या रत्नागिरीच्या रूममेटने घरी बोलावलं. मी डिटेक्टर सोबत घेतला. तिच्या घरच्यांना वाटलं ही मुलगी फराळाला आलीय की पोलीस तपासाला! पण प्रोजेक्टच्या दृष्टीने रत्नागिरीसारखं गाव नाही. एकाच शहरात दोन समुद्र आहेत, पांढरा समुद्र आणि मांडवीचा काळा समुद्र. समुद्र अर्थात एकच, वाळू वेगळी.

पांढऱ्या समुद्रावर ओहोटीला गेलो. वरच्या कोरड्या वाळूत यंत्र इतकं शांत की मी दोनदा बॅटरी तपासली. पूर्ण सेन्सिटिव्हिटीवर चाललं. बाटलीची झाकणं आणि दोन रुपयांचं नाणं सापडलं. मग चार पावलं खाली ओल्या वाळूत गेलो आणि आरडाओरडा सुरू. इथे दोष लोहखनिजाचा नव्हता, मिठाचा होता. खारं पाणी वीजवाहक, त्यामुळे सगळा ओला किनारा यंत्राला एखाद्या अंथरलेल्या फॉइलसारखा वाटतो. घरच्या काळ्या मातीचं सेटिंग इथे काहीच कामाचं नाही, नॉब पार दुसऱ्या टोकाकडे न्यावा लागला. सेन्सिटिव्हिटी उतरवली, कॉइलची उंची एकसारखी ठेवली, आणि पाण्याच्या दिशेने जाण्याऐवजी पाण्याच्या कडेला समांतर चालले म्हणजे ओल सगळीकडे सारखी राहते. मग जमलं. खोली मात्र निम्म्याने घटली. त्याला इलाज नाही.

मांडवीला खरी परीक्षा. तिथली वाळू काळसर, जड खनिजांची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं इल्मेनाइट भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात असतं. मॅग्नेट पिशवीत घालून वाळूतून फिरवलं तर त्याला काळ्या मिशा फुटल्या! म्हणजे इथे आपल्या शेतासारखी लोहखनिजंही आहेत आणि वर खारं पाणीही. एकासाठी बॅलन्स करावा तर दुसरं ओरडतं, कारण दोघांचे संदेश वेगवेगळ्या फेजचे आणि आमच्याकडे नॉब एकच. एका फ्रीक्वेन्सीच्या यंत्राची मर्यादाच ती. म्हणून महागडी यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरतात. दुसरा एक प्रकार पल्स इंडक्शनचा. त्यात यंत्र एक झटका देतं आणि थोडं थांबून मग ऐकतं. मिठाचा आवाज तेवढ्यात विरून जातो. पण जास्त थांबलं तर बारीक सोन्याचाही विरून जातो! म्हणजे इथेही तेच. जे नको ते गाळताना, हवं ते सोबत गेलं का, हे बघावंच लागतं.

तिथे एक आजोबा रोज फिरायला यायचे. तिसऱ्या दिवशी मी आदल्या दिवशीच्याच जागी आदल्या दिवशीचंच सेटिंग लावून उभी होते आणि यंत्र पुन्हा बडबडत होतं. आजोबा म्हणाले, "कालची वाळू आज नसते गो. भरती नेते, भरती आणते." मी वहीत लिहून घेतलं. जागा तीच असली तरी बॅलन्स रोज नव्याने करायचा. आणि हो, रूममेटच्या घराच्या जांभ्या दगडाच्या गडग्याजवळ कॉइल नेली तर गडगाच वाजला! जांभ्यातही चुंबकीय लोहाचे अगदी बारीक कण असतात. तिचे बाबा म्हणाले, "चला, आमच्या गडग्यात धन आहे हे सिद्ध झालं."

भाऊबीजेनंतर मी तशीच आजोळी गेले. शेतात सोयाबीन निघालं होतं आणि हरभरा पेरायचा होता. मधे आठ दिवस रान मोकळं. मामांना फोनवरच सांगितलं, "मामा, मागच्या वेळी माझी चूक झाली होती. यंत्र बरोबर लावलं नव्हतं. मला पुन्हा शोधू द्या." मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ये."

या वेळी मी आधी एक काम केलं, जे मार्चमध्येच करायला हवं होतं. मावशींच्या घरी गेले. त्या भाकरी करत होत्या. मी पाया पडले आणि विचारलं, "मावशी, त्या दिवशी मामी आणि तुम्ही दिवसभर कुठं कुठं होता? मला पाहिजे तसं आठवून सांगा."

त्या तव्याकडे बघतच म्हणाल्या, "आता इचारायलीस व्हय बाई? तवा कुणी इचारलंच न्हाई."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी तर्क केले होते. मामींच्या सगळ्यात जवळ दिवसभर जी बाई होती, तिलाच कुणी काही विचारलं नव्हतं! त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी खालच्या बेडपासून सुरुवात केली, दुपारी ऊन झालं म्हणून बांधावरच्या लिंबाखाली बसलो (आमच्याकडे कडुलिंबाला लिंबच म्हणतात), तिथं गड्डे मोडले, भाकरी खाल्ली, मग पुन्हा वरच्या बाजूला गेलो. "गड्डे मोडले" म्हणजे काय ते मला कळलं नाही. कॉन्व्हेंट! त्यांनी हातानेच करून दाखवलं. हळदीचा कांदा निघतो त्याची माती झाडून मधला गड्डा आणि बाजूची बोटं वेगळी करायची. वाकून, जोर लावून करायचं काम. तार सुटायला एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर गेले. पावसाळ्यानंतर माती अजून ओलसर होती, मार्चसारखी भेगाळलेली नव्हती. लिंबाखालची माती शेतापेक्षा वेगळी, मुरमाड. म्हणून बॅलन्सही तिथेच केला, शेतात केलेला चालवला नाही. डिस्क्रिमिनेशन शून्य. माझं कानातलं चार बोटं पुरून बघितलं, वाजतंय. मगच सुरुवात. सुतळी बांधून हातहातभर रुंदीचे पट्टे पाडले आणि गोगलगायीसारखी कॉइल फिरवली. जे वाजेल ते उकरायचं, काही म्हणजे काही सोडायचं नाही. बैलाची पत्री, विळ्याचं टोक, खिळे, कीटकनाशकाच्या बाटल्यांची सीलं, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. पहिल्या दिवशी एकवीस वस्तू, सगळा कचरा. गढीवाले काका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "भंगारवाल्याला बोलवू का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, लिंबाच्या मुळाशी, एक अगदी बारीक, गुळगुळीत आवाज आला. कॉइल जरा वर उचलली की नाहीसा होणारा. अजून एक सील असणार म्हणून मी खुरप्याने उकरलं. तीन-चार बोटांवर मातीच्या ढेकळात काहीतरी पिवळं. हळदीच्या शेतात पिवळं दिसलं तर काय विशेष! पण ते दबलेलं होतं, गोल होतं, आणि मातीने त्याचा रंग गेला नव्हता.

मी ओरडले नाही. तिथेच बसून राहिले. मग मामींना हाक मारली.

मामींनी वाटी धुतली, कपाळाला लावली, आणि पोलक्यात ठेवली. सगळ्यांना वाटलं आता देवापुढे ठेवणार. त्या उलट चप्पल घालून बाहेर पडल्या. मी मागोमाग. मावशींच्या दारात जाऊन त्यांनी वाटी हातावर ठेवून दाखवली. काही बोलता येईना त्यांना. मावशींनी बघितली. "घावली का," म्हणाल्या, "लई बरं झालं, माय." चहा केला. आम्ही प्यायलो. निघताना मामी म्हणाल्या, "हरभऱ्याला येताव ना?" मावशी म्हणाल्या, "आता दुसरीकडं लागलंय काम."

सिनेमात असतं तर त्या दुसऱ्या दिवशी कामावर आल्या असत्या. आल्या नाहीत. अजूनही येत नाहीत. मामांनी नंतर पारावर, जिथे पहिलं वाक्य बोलले होते तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं की वाटी शेताच्या बांधावर सापडली आणि आमचं चुकलं. मामांना हे किती जड गेलं असेल ते त्यांना ओळखणाऱ्यांनाच कळेल. पण वाटी आठ-नऊ महिने मातीत होती आणि मावशी आठ-नऊ महिने गावाच्या नजरेत. वाटी धुतली की झालं. दुसरं तसं धुता येत नाही.

परत येण्याआधी आम्ही औंढ्याला दर्शनाला गेलो. जाताना मामांनी हात करून दाखवलं, "त्या तिकडं दुधाळ्याला ते लायगो होणार हाय." तुम्हाला माहीत असेलच, गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि त्यासाठी जागा निवडली ती आमच्या औंढा नागनाथ तालुक्यातली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल टिपायची, म्हणून जिथे जमीन स्वतः फार हलत नाही अशी जागा लागते. तरीही तिथल्या शास्त्रज्ञांचा बहुतेक वेळ जमिनीचा, रस्त्याचा, वाऱ्याचा आवाज ओळखून बाजूला काढण्यातच जाणार आहे. मी मामांना म्हटलं, "मामा, तेही आधी ग्राउंड बॅलन्सच करणार बघा." मामा हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले.

डिसेंबरमध्ये आमची व्हायवा झाली. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "तुमच्या यंत्राची अॅक्युरसी किती?" पाठ केलेलं उत्तर होतं माझ्याकडे, टक्क्यांमध्ये. पण तोंडून निघालं, "सर, कुठल्या जमिनीवर?" सर हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. मार्क बरे पडले.

मित्रमैत्रिणींनो, आपण उद्या काही ना काही यंत्रं बनवणार. कुणी सॉफ्टवेअर बनवेल, कुणी सेन्सर. यंत्र "आहे" म्हणतं तेव्हा आपण उकरून खात्री करतो. "नाही" म्हणतं तेव्हा मात्र कुणीच उकरत नाही, लगेच विश्वास ठेवतो. आणि त्या "नाही"ची किंमत बहुतेक वेळा तिथे हजर नसलेलं कुणीतरी भरतं. म्हणून एवढंच सांगते, जमीन ओळखीची करून घ्या, आणि ज्याला ती जमीन माहीत आहे त्याला आधी विचारा.

डिटेक्टर आता ज्युनियर्सकडे दिला आहे. डब्यावर, तिसऱ्या नॉबच्या शेजारी, मी मार्करने एक ओळ लिहून ठेवली आहे. पुसू नका, प्लीज.

"आवाज आला नाही, याचा अर्थ वस्तू नाही असा होत नाही."

ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना, ताई?